आरशातला डावरा

पंढरीनाथ सकाळी गॅलरीत बसून पेपर वाचत होते, तेव्हा पानाच्या एका कोपऱ्यातून सावली चढू लागली. आधी त्यांना वाटलं, मागे कोणी येऊन उभं राहिलं आहे. मागे कोणी नव्हतं. त्यांनी डावा डोळा झाकला, तर निम्मं पान काळं झालेलं. उजवा झाकला, तर सगळं नेहमीसारखं, म्हणजे धुरकट. डावा डोळा त्यांचा लहानपणापासून अधू होता. जाड भिंगातून समोरचा माणूस ओळखू येई, टीव्ही बघता येई, पण छापलेलं अक्षर त्याला कधी लागलं नाही. वाचायचा डोळा उजवाच, आणि सावली नेमकी त्याच डोळ्यात चढत होती.

बोरिवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा पडदा सुटला आहे, ताबडतोब ऑपरेशन करावं लागेल. ते झालंही. डोळ्यात वायूचा एक फुगा भरला, वर पट्टी बांधली आणि घरी पाठवलं, पण एका अटीवर. सोमवारी तपासायला येईपर्यंत मान खाली. झोपायचं पालथं, जेवायचं मान खाली घालून, बाथरूमला जायचं ते जमिनीकडे बघत. मान वर गेली तर पडदा पुन्हा सुटू शकतो, आणि दुसऱ्यांदा तो बसेलच असं काही सांगता येत नाही.

त्यांची नात इशिता जवळच्याच हाटकेशहून सुट्टीसाठी भाईंदरच्या इंद्रलोकमध्ये आजी-आजोबांकडे राहायला आली होती. मान वर केल्याने पडदा का सुटतो, हे तिला कळेना. पंढरीनाथांनी पलंगावर पालथ्या पालथ्याच तिला पाण्याची बाटली आणायला सांगितली. गळ्यापर्यंत भरायची, वर थोडी हवा ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं.

आडवी कर, असं ते म्हणाले. हवा कुठे गेली? इशिता म्हणाली, वरच्या बाजूला. उलटी कर. आता? तरी वरच, म्हणजे बुडाशी.

मग ते सांगू लागले. मी मान खाली घातली की डोळ्याची मागची भिंत वर येते. पडदा तिथेच आहे. फुगा वर जातो आणि त्याला आतून दाबून धरतो. आपण फाटलेलं पान चिकटवलं की गोंद वाळेपर्यंत वर जाड पुस्तक ठेवतो ना, तसं.

"आणि मान वर केली तर?" इशिताने विचारलं.

तिनेच बाटली सरळ केली. हवेचा फुगा बुडापासून सुटला आणि सरकत वर निघून गेला. तिने बाटली हळूच टेबलावर ठेवली.

आता अडचण अशी होती की त्याच रविवारी पॅरिसला मातीवरच्या टेनिसची, फ्रेंच ओपनची फायनल होती.

पंढरीनाथांनी आयुष्यात कधी रॅकेट हातात धरली नव्हती. पण तरुणपणी पोस्टात नोकरीला असताना ऑफिसजवळ एका जिमखान्याची मातीची टेनिस कोर्टं होती. दुपारच्या सुट्टीत ते जाळीबाहेर उभं राहून डबा खायचे. माळी पाणी शिंपायचा, रूळ फिरवायचा, झाडू ओढायचा आणि जमीन नव्या पाटीसारखी कोरी करायचा. मग खेळ सुरू व्हायचा, आणि तासाभरात कोण कुठे धावला, कुठे घसरला, चेंडू कुठे पडला, सगळं त्या जमिनीवर लिहिलेलं असायचं. तेव्हापासून गवतावरचं टेनिस त्यांना चवीला अळणी वाटे. गिरगावची खोली सोडून ते भाईंदरला राहायला आले, जिमखाना सुटला, आणि मग वर्षातले हे दोन आठवडे ते टीव्हीसमोरून हलेनासे झाले.

त्यांचा लाडका खेळाडू होता एक डावखुरा पोरगा. डोक्याला पट्टी, दंड उघडे, प्रत्येक चेंडूमागे जीव तोडून धावणारा. ते त्याला डावरा म्हणत. शेजारचे महिपत दुसऱ्या बाजूचे. त्यांचा खेळाडू उजवा, देखणा, घाम न येणारा. त्याला ते साहेब म्हणत. या दोघांवरून दोन म्हाताऱ्यांचं इतकं वाजायचं की एका फायनलनंतर महिपत दिवाळीपर्यंत जिन्यात बोलले नव्हते. पंढरीनाथांच्या बायकोला, वासंतीबाईंना, टेनिसमधलं ओ की ठो कळत नसे. त्यांच्या लेखी तो पट्टीवाला आणि तो दुसरा. यंदा फायनलला पुन्हा तेच दोघे येणार, असा रंग दिसत होता.

डॉक्टरांना वासंतीबाईंनी टीव्हीबद्दल विचारलं होतं. मान खाली राहत असेल तर दुसऱ्या डोळ्याने काहीही बघू दे, असं ते म्हणाले होते. पण मान खाली ठेवून टीव्ही बघायचा कसा, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

घरात वेताची बैठक फाटलेली एक खुर्ची होती. वासंतीबाईंनी ती पलंगाला टेकवून ठेवली. बैठकीच्या भोकाभोवती जुन्या साडीची जाड चुंबळ केली, हंड्याखाली डोक्यावर ठेवतात तशी, फक्त मोठी. तिच्यात पंढरीनाथांचा चेहरा नीट बसे, कपाळ आणि हनुवटी टेकलेली, डोळे खालच्या जमिनीकडे. चष्मा खाली पडू नये म्हणून त्याला मागून इलॅस्टिक बांधलं. शुक्रवारी सेमीफायनलच्या वेळी इशिताने त्या भोकाखाली फरशीवर कपाटाच्या दाराचा सुटलेला आरसा तिरका टेकवला. पंढरीनाथांचं डोकं टीव्हीकडे, पाय दाराकडे. टीव्हीचं चित्र आरशात पडेल आणि तिथून वर आजोबांच्या डोळ्यात जाईल, असा तिचा हिशोब होता, आणि तो बरोबर होता. चित्र दिसलं.

पण उलटं दिसलं. लाल जमीन छताला लागलेली, आणि तिला पायांनी चिकटून दोन माणसं वटवाघळांसारखी लटकत धावत होती. चेंडू खालून वर पडत होता. पंढरीनाथांनी अर्धा सेट ते बघितलं आणि मग त्यांना गरगरायला लागलं. महिपत म्हणाले, सोपं आहे, टीव्ही उलटा ठेवू. वासंतीबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. टीव्ही मोठ्या डब्याचा होता, उचलायला दोन माणसं लागत. तो डोक्यावर उभा करायचा म्हणजे काय होईल ते कोणालाच माहीत नव्हतं. राहिलेला सामना पंढरीनाथांनी कानांनी बघितला. डावरा जिंकला. दुसऱ्या सेमीफायनलमध्ये साहेब जिंकले.

शनिवारी दुपारी इशिताने उचलून ठेवायला आरसा तसाच तिरका खुर्चीखालून बाहेर ओढला. टीव्ही चालूच होता. ती टीव्हीकडे पाठ करून, पाय फाकवून खाली वाकली, आणि तशीच थांबली. आरशात जाहिरातीतली बाई चक्क सरळ उभी राहून साबण दाखवत होती.

"आजोबा, ती सरळ झाली."

"कोण?"

"साबणवाली. मी इकडून बघितलं तर सरळ दिसतेय."

मग त्यांनी एकच विचारलं, तुझं डोकं कुठल्या बाजूला होतं? इशिता पुन्हा तशीच वाकली. डोकं टीव्हीपासून लांब, पाय टीव्हीकडे. मग उठली, दुसऱ्या बाजूने येऊन वाकली. बाई उलटी झाली. असं तिने चार-पाच वेळा केलं. पंढरीनाथांना जमिनीवर फक्त तिची पावलं इकडून तिकडे जाताना दिसत होती, आणि ते त्या पावलांना काहीही सांगत नव्हते.

"म्हणजे तुमचे पाय टीव्हीकडे पाहिजेत," ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "पण मग मधे तुम्हीच येताय. अख्खे."

"हो. मी आणि पलंग."

ती फरशीवर आडवी पडून विचार करू लागली. समोर पलंगाचे चार लोखंडी पाय होते, आणि त्यांच्यामधे आजीचा सगळा संसार.

भाईंदरच्या वन रूम किचनमध्ये पलंगाखालची जागा म्हणजे तिसरी खोली असते. तिथे लग्नातली ट्रंक होती, पाहुण्यांच्या गाद्यांची वळकटी, तांदळाचं पिंप, चिपळूणहून आणलेली तांब्याची घागर, गणपतीचं थर्माकोलचं मखर. इशिता म्हणाली, आजी, हे सगळं काढलं तर टीव्ही जमिनीवर ठेवता येईल, आणि चित्र पलंगाखालून आजोबांपर्यंत जाईल. वासंतीबाई म्हणाल्या, आणि माझं सामान काय माझ्या डोक्यावर ठेवू? पण रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच पदर खोचला आणि ट्रंक ओढली. गाद्या महिपतांकडे गेल्या, पिंप स्वयंपाकघरात, मखर जिन्यात. दुपारी पंढरीनाथांचा मुलगा, इशिताचा बाबा स्वप्नील, बायकोसह हाटकेशहून आला. त्याने आणि महिपतांनी मिळून टीव्ही होता त्याच बाजूला खाली जमिनीवर उतरवला आणि भिंतीला लावून ठेवला. केबलची वायर तिथपर्यंतच पोचत होती, एक वीतही पुढे नाही. मग खुर्ची पलंगाच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि पंढरीनाथांना फिरवलं. पाय टीव्हीकडे, डोकं दाराकडे, चेहरा चुंबळीत, खाली आरसा.

चित्र पलंगाखालून आलं, आरशावर चढलं आणि त्यांच्या डोळ्यात उतरलं. सरळ, लखलखीत. कोणीतरी बातम्या देत होता. खालची अक्षरं उलटी दिसत होती, पण बातम्या कोणाला वाचायच्या होत्या?

सामना सुरू व्हायच्या आधी वासंतीबाईंनी रिमोट आपल्या मांडीवर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, यांची मान एकदा जरी हलली तरी मी बंद करणार. टीव्ही जमिनीवर असल्यामुळे बघणाऱ्यांनाही जमिनीवर यावं लागलं. स्वप्नील भिंतीला टेकून कलंडला. महिपतांचं पोट मोठं, ते धापा टाकत पलंगाच्या कडेला पालथे झाले आणि आतून बघू लागले. इशिता आरशाजवळ, आजोबांच्या चेहऱ्याखाली. वासंतीबाई त्यांच्या डोक्याशी मांडी घालून.

"पंढरी, आज तुझ्या डावऱ्याला साहेब माती चारणार," महिपत म्हणाले.

"मातीवरच तर जेवतो तो," चुंबळीतून उत्तर आलं.

दोघे खेळाडू कोर्टावर आले. पट्टीवाल्याने रॅकेट उचलली, आणि पंढरीनाथ म्हणाले, हा कोण?

रॅकेट त्याच्या उजव्या हातात होती. समोर साहेब डाव्या हाताने चेंडू परतवत होते. क्षणभर कोणाला कळेना ते काय बोलताहेत. मग इशिताने पलंगाखालून टीव्ही बघितला, मग आरसा बघितला, पुन्हा टीव्ही बघितला, आणि आपल्या कपाळावर हात मारून घेतला. अक्षरं उलटी दिसली तेव्हाच हे लक्षात यायला हवं होतं. आरशाने माणसं सरळ उभी केली होती, पण त्यांचे हात बदलले होते. ती रडवेली झाली. तिने आजोबांना सॉरी म्हटलं.

"राहू दे गं," ते म्हणाले. "बघू तरी, हा कसा खेळतो."

पहिला सेट म्हणजे छळ होता. डावऱ्याचा प्रत्येक फटका त्यांना पाठ होता. चेंडू कुठून येणार आणि कुठे जाणार, हे त्यांचं शरीर आधी ओळखत असे. आता सगळं दुसऱ्या बाजूने येत होतं. ते मनात डावीकडे झुकत आणि चेंडू उजवीकडून निघून जाई. त्यात डावरा खरोखरच वाईट खेळत होता. साहेबांनी एक गेम दिला आणि सेट घेतला. महिपत फरशीवर तळहात आपटत होते. दोघांचं भांडणही जुळेना. महिपत म्हणत, डाव्या कोपऱ्यात मारला. पंढरीनाथ म्हणत, उजव्या. इशिता दोघांनाही सांगे की तुम्ही एकच कोपरा म्हणताय.

सेटच्या शेवटच्या चेंडूवर डावरा धावत धावत जाळीपाशी आला, आणि पंढरीनाथांची मान झटक्यात बोटभर वर आली.

आरसा काळा झाला. वासंतीबाईंनी बटण दाबलं होतं.

पंख्याचा आवाज येत होता. मग महिपत म्हणाले, वहिनी, एवढ्याशाने काय होतंय. वासंतीबाई त्यांना म्हणाल्या, "सामना पुढच्या वर्षी परत होईल, भावजी."

पंढरीनाथ चुंबळीत चेहरा घालून पडले होते. त्यांना ठाऊक होतं की गेले तीन दिवस ही बाई रात्री दर थोड्या वेळाने उठून त्यांची मान चाचपते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "वासंती, तू हात ठेव. मानेवर. मला माझा भरवसा नाही."

तिने रिमोट इशिताकडे दिला आणि आपला तळहात त्यांच्या मानेवर ठेवला. चित्र परत आलं.

आणि दुसऱ्या सेटमध्ये काहीतरी बदललं. कोर्टावरही, आणि आरशातही. हात परके झाल्यामुळे पंढरीनाथांनी हातांकडे बघणं सोडून दिलं होतं. नजर आपोआप खाली गेली, पायांकडे. डावरा चेंडूकडे धावत नव्हता. तो धावायचा, आणि मग शेवटचं अंतर घसरत जायचा. पाय मातीवरून सरकत असतानाच फटका मारायचा, आणि घसरणं थांबायच्या क्षणी दुसरीकडे वळलेला असायचा. जणू पायाखालची जमीनच त्याला पाहिजे तिथे नेऊन सोडत होती. त्याच्यामागे लांब पट्टे उमटत. एकावर एक, आडवे, तिरके. चेंडू पडला की लहानसा लाल धूर उठे आणि खाली अंडाकृती खूण राही.

"इतकी वर्षं मी ह्याचा हात बघत होतो," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की फक्त इशिता आणि वासंतीबाईंना ऐकू गेला. "इशू, पाय बघ. पाय बघ त्याचे."

इशिता बघत होती. महिपतही बघत होते. ते मूळचे भाईंदरजवळच्या राई गावचे. लहानपणी मिठागराच्या बांधावर शेवाळात आम्ही असेच घसरायचो, असं ते सांगू लागले, पण मग म्हणाले, आम्ही पडायचो. साहेबांच्या बाजूने ओरडायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. डावऱ्याने दुसरा सेट घेतला, मग तिसरा. खिडकीबाहेर अंधार पडला, कोणी दिवा लावला नाही. पलंगाखालून येणारा लाल उजेड फरशीवर पसरला होता, आणि त्या उजेडात माणसं पालथी पडून बघत होती. स्वप्नीलची बायको सुरुची स्वयंपाकघरातून जेवणाचं विचारायला आली, आणि तीही दारात खाली बसली.

चौथा सेट सरळ संपला नाही. दोघांचे सहा-सहा गेम झाले आणि टायब्रेक लागला. पंढरीनाथांच्या कपाळावरचा घाम चुंबळीत मुरत होता. पट्टीखालच्या डोळ्यातून औषधाचं पाणी झिरपून नाकाच्या कडेने उतरत होतं, आणि मधूनमधून एक थेंब आरशावर पडे. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात इशिता फडक्याने तो पुसून घेई.

एकदा साहेबांचा चेंडू मागच्या रेषेजवळ पडला. पंच काही बोलले नाहीत. डावऱ्याने खेळ थांबवला आणि रॅकेटच्या टोकाने खुणेभोवती गोल काढला. महिपत म्हणाले, आत. पंढरीनाथ म्हणाले, बाहेर. तेवढ्यात उंच खुर्चीवर बसलेले पंच खाली उतरले, पळत त्या कोपऱ्यात आले आणि कंबरेत वाकले. पंधरा हजार माणसं चिडीचूप झाली. तो एवढा मोठा माणूस मान खाली घालून मातीवरचा एक डाग वाचत होता. इशिताने वर बघितलं. आजोबांचा चेहरा, त्याच्या बाजूला आजीचा, पलंगाच्या कडेला महिपतांचा, सगळे तसेच खाली झुकलेले. पंचांनी बोट वर केलं. बाहेर.

"खूण आहे, मान्य," महिपत म्हणाले.

आणि मग डावरा एका गुणावर आला. हा गुण मिळाला की सामना संपणार होता. त्याने चेंडू आपटला, आपटला, वर फेकला. त्याच वेळी पंढरीनाथांच्या नाकावरून एक मोठा थेंब सुटला आणि आरशाच्या बरोबर मधोमध पडला.

कोर्ट वितळलं. लाल, पांढरं, लाल, एवढंच. इशिताचा हात फडक्याकडे गेला आणि थांबला. पुसायला हात आरशावर न्यावा तर उरलेलंही झाकलं जाणार होतं. तिने वर बघितलं. आजोबांच्या गळ्याची शीर ताठ झाली होती. सगळं अंग वर उठायला निघालं होतं.

वासंतीबाईंच्या तळहाताला ते आधी कळलं. त्यांनी हात दाबला नाही. त्या वाकल्या, पलंगाखालून टीव्हीकडे बघितलं आणि त्यांच्या कानाशी बोलू लागल्या.

"मी सांगते. पडून राहा. पट्टीवाल्याने मारला. त्याने परत दिला. पट्टीवाला गेला त्या कोपऱ्यात, घसरला, पोचला. मारला, उंच मारला. तो मागे गेला. दिला परत. आता पट्टीवाला इकडे. घसरतोय. अजून घसरतोय. मारला बाई. तो दुसरा धावतोय, पोचला हो, पोचला, त्याने मारला."

जाळीचा आवाज आला. मग इतका मोठा गलका झाला की टीव्हीची पेटी थरथरली.

"जाळीत गेला," वासंतीबाई म्हणाल्या. "झालं. जिंकला तुमचा."

मान हलली नव्हती. पंढरीनाथांचे खांदे हलत होते, पाय हलत होते, पण मान वासंतीबाईंच्या हाताखाली होती तशीच होती. इशिताने आरसा पुसला, एकदा, दोनदा, कोरडा होईपर्यंत. आणि हात बाजूला घेतला.

डावरा मातीत पडला होता. पाठीवर, हात पसरून, लाल मातीने माखलेला. कॅमेरा त्याच्या बरोबर वरून खाली बघत होता. चुंबळीच्या गोलातून पंढरीनाथही बरोबर वरून खाली बघत होते. त्या पोराचे डोळे उघडे होते आणि ते सरळ वर लागलेले होते. दोघांच्या मधे हातभर हवा होती. पंढरीनाथांनी श्वास धरून ठेवला, आरशावर वाफ जाऊ नये म्हणून. ज्याला आयुष्यभर जाळीबाहेरून बघितलं, तो खेळ त्यांच्या चेहऱ्याखाली येऊन पडला होता, आणि पडल्या जागेवरून त्यांच्याकडे बघत होता.

महिपत पालथ्याचे उठून बसले. त्यांनी हात लांबवून मित्राच्या पाठीवर थोपटलं, हलक्या हाताने, आणि म्हणाले, "पंढरी, असा सामना कोणी बघितला नसेल. मी पण नाही."

सोमवारी सकाळी रिक्षातून आणि मग टॅक्सीतून, मान गुडघ्यांपर्यंत वाकवून, पंढरीनाथ बोरिवलीला गेले. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळ्यात प्रकाश टाकला आणि फार वेळ बघत राहिले. वासंतीबाई पर्सचा पट्टा मुठीत धरून उभ्या होत्या. मग डॉक्टर म्हणाले, पडदा बसलाय, छान बसलाय, आणखी थोडे दिवस मान खालीच ठेवा.

ते दिवसही गेले. पहिल्यांदा मान वर करायची परवानगी मिळाली त्या सकाळी ते गॅलरीत बसले, आणि इशिता त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी डावा डोळा झाकला. उजव्या डोळ्यात वायूचा फुगा अजून होता, पाण्यासारखा डुचमळणारा, आणि त्याच्यातून काहीच धड दिसत नव्हतं. पण फुग्याच्या वर, अगदी वरच्या काठाला, एक बारीक पट्टी मोकळी झाली होती.

"काय दिसतंय?" इशिताने विचारलं.

समोरच्या इमारतीची गच्ची दिसत होती. तिच्यावर पाण्याची टाकी, टाकीवर बसलेला कावळा. कावळ्याने चोच उघडली आणि मिटली, तीही दिसली. त्यांनी ते एकेक करून सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते की फुगा रोज थोडा थोडा विरत जाईल आणि ही पट्टी रोज थोडी खाली उतरेल.

"मी कधी दिसणार?"

"तू उंचीने कमी आहेस. तुला थोडं थांबावं लागेल."

मग इशिताने आतून स्टूल आणलं आणि ती त्याच्यावर चढून उभी राहिली.